दुसऱ्या टेकमधली वही

१

माईंनी फडक्याची गाठ सोडली, वही उघडली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. दोन पानं उलटली, तिसरं उलटलं, पुन्हा पहिल्यावर आल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "ही माझी नाही."

मी शेजारीच बसले होते. वही हातात घेऊन पाहिली. मधल्या चार पानांवर कसलेतरी आकडे, बाकी सगळी कोरी. पाठीला दोन पिना मारलेल्या. शूटिंगसाठी बनवलेली नकली वही होती ती.

शुक्रवार होता, दुपारचे साडेचार. सोमवारी अकरा वाजता माईंना असली वही घेऊन जुन्या खटल्यांची फेरतपासणी करणाऱ्या समितीपुढे उभं राहायचं होतं. वही नाही दाखवली तर त्यांच्या वडिलांची फाइल कायमची बंद होणार होती. तसं पत्रच आलं होतं त्यांना.

आम्ही टीव्हीसाठी सिनेमा करत होतो, तो याच वडिलांवर. शेहेचाळीस वर्षांपूर्वीचा कात्रीचा खटला. एका गल्लीत एकट्या राहणाऱ्या मुख्याध्यापिकेचा संध्याकाळी सातच्या सुमारास कात्रीने खून झाला. बाईंना धमक्या येत होत्या, म्हणून पोलिसांनी गल्लीच्या तोंडाशी साध्या वेशातला पहारेकरी ठेवला होता. त्याने लिहून दिलं की सहा ते आठ कुणीही परका गल्लीत शिरला नाही. म्हणजे खुनी गल्लीतलाच. आणि कात्री गल्लीतल्या शिंप्याची; बाईंनी ती उसनी नेली होती, हे त्याचं म्हणणं कुणी मानलं नाही. शिंपी गळा फोडून सांगत राहिला की साडेसहा ते साडेसात एक नवं गिऱ्हाईक माझ्याकडे लग्नाच्या कोटाचं माप देत होतं, ही बघा मापाची वही, ही तारीख, ही वेळ. पण पहिल्या फिटिंगला आल्यावरच गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं, अशी त्याची पद्धत. हे गिऱ्हाईक फिटिंगला फिरकलंच नाही. आणि परका शिरलाच नव्हता म्हटल्यावर गिऱ्हाईकही थापच ठरलं. जन्मठेप झाली, सहाव्या वर्षी माणूस तुरुंगातच वारला. खटला झाला तेव्हा माई दहा वर्षांच्या होत्या.

"वही माझ्या हातातून हललीच नाही हो," माई म्हणत होत्या. "सकाळी तेवढी फोटोला दिली, ती लगेच घेतली. तेव्हापासून मांडीवर आहे."

सेटवरचे लोक कामं टाकून जवळ आले. मग आमचे सल्लागार, सत्तरीचे निवृत्त फौजदार, खुर्चीवरून उठले.

"दार लावून घ्या," ते म्हणाले. "चोर आतच आहे."

२

माझं काम कुणाला सांगून कळत नाही. सिनेमा तुकड्यातुकड्याने होतो, आजच्या तुकड्यात नटाने ग्लास डाव्या हातात धरला असेल तर आठ दिवसांनी पुढच्या तुकड्यातही डाव्याच हातात हवा. ते बघायला मी. प्रत्येक टेकच्या आधी फोटो काढायचे, टिपणं ठेवायची. चूक राहिली तर शिव्या मला, नाही राहिली तर कौतुक नटाचं. वीस वर्षं झाली, नजर घारीची आणि तोंड फाटकं, एवढीच कमाई.

फौजदार साहेबांनी सगळ्यांच्या पिशव्या उपसायला घेतल्या. म्हातारा सगळ्यांचा लाडका. खटला घडला तेव्हा त्या पोलीस ठाण्यावर असलेल्यांपैकी हा एकच जिवंत, तिथे जेमतेम दोन-अडीच महिने नोकरीला होता, म्हणून आमच्या दिग्दर्शकाने शोधून आणलेला. त्याला न्यायाधीशाचं छोटं कामही दिलं होतं. काल ड्रेसवाल्या मास्तरांनी त्याचं माप घेतलं तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली. "साहेब, तुमच्या कोटाला दोन शिंपी लागतील," मास्तर म्हणाले, "एकेका हाताला एकेक." लहानपणी झाडावरून पडून कोपर मोडलं होतं म्हणे. सगळ्यांबरोबर साहेबही हसले.

मी आधी दिग्दर्शकाला गाठलं. पोरगा हुशार आहे, पण सगळं 'तात्काळ' पाहिजे, म्हणून पाठीमागे आम्ही त्याला तात्काळच म्हणतो. सिनेमातला इन्स्पेक्टर शिंप्याची वही चुलीत टाकतो, हा आज सकाळी घेतलेला प्रसंग त्याच्याच डोक्यातला. माई सकाळीच म्हणाल्या होत्या, "असं काही झालं नव्हतं बाळा." हा म्हणाला, "माई, सिनेमा आहे."

"सकाळी तू काय बरळलास?" मी विचारलं. "असली जळाली तर आग काय दिसेल, असंच ना?"

"अहो ताई, जीभ घसरली माझी!" तो रडकुंडीला आला. "असली वही पडद्यावर दाखवणार म्हणून तर चॅनेलने सिनेमा घेतला. ती हरवून माझं काय भलं होणार?"

ते पटण्यासारखं होतं. मग सामान सांभाळणारा. त्याला सगळे पेटीदादा म्हणतात, कारण पेटीची किल्ली तो झोपेतही सोडत नाही. प्रत्येक सिनेमातली एखादी वस्तू घरी नेतो, हेही सगळ्यांना ठाऊक. त्याच्यावर नजरा वळल्याच होत्या.

"नकली वह्या किती बनवल्यास?"

"तीन. आईशप्पथ तीन. दोन टेकमध्ये दोन जाळल्या, एक ही पेटीत. हिशेब चोख आहे माझा."

"आणि माईंच्या फडक्यात निघाली ती?"

पेटीदादाने आ वासला. ती चौथी होती.

"चौथी याने गुपचूप बनवली असणार," साहेब मागून शांतपणे म्हणाले. "असली लांबवायची म्हणून. जुन्या खटल्यांच्या वस्तू जमवणारे हौशी असतात. काळजी करू नका माई, वही सुखरूप आहे. मिळेल."

माईंच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. त्या पेटीदादापुढे हात जोडून उभ्या राहिल्या. "दादा, घेतली असशील तर दे रे. मी कुणाला काही बोलणार नाही." तो बापडा ढसाढसा रडायला लागला.

मला मात्र त्या हिशेबात काहीतरी टोचत होतं. चौथी वही बनलीच नसेल तर? पेटीत एक, फडक्यात एक. म्हणजे तिनांतली जळाली फक्त एकच. आणि आम्ही तर दोन जाळल्या होत्या.

३

सेटवरची चूल गार झाली होती. राख काढू नका, असं मीच सकाळी बजावलं होतं, कारण पुढच्या प्रसंगात ती तशीच दिसायला हवी होती. मास्तरांकडून सुया उचलायचं लोहचुंबक मागून आणलं आणि राखेपाशी बसले.

नकली वहीला दोन पिना. दोन वह्या जळल्या असतील तर चार पिना निघायला हव्यात. असली वही मात्र शिंप्याने स्वतः काळ्या दोऱ्याने शिवलेली होती, तिच्यात लोखंडाचा कण नाही.

एक पीन चिकटली. दुसरी चिकटली. मी राख वरखाली केली, कोपरे खरवडले, मग पसाभर पसाभर राख कागदावर ओतून चुंबक फिरवलं. नखं काळी झाली. दोनच.

मग फोटो उघडले. पहिल्या टेकच्या आधीचा: टेबलावर वही, पाठीला दोन चकचकीत ठिपके. दुसऱ्या टेकच्या आधीचा: तीच जागा, तोच कोन, तसंच तपकिरी पुठ्ठ्याचं कव्हर. मी तो मोठा करून पाहिला. पाठीवर काळ्या दोऱ्याचे टाके होते. एकसारखे, बारीक, कसलेल्या हाताचे.

तो फोटो मीच काढला होता. वही जागेवर आहे ना, तिरकी तेवढीच आहे ना, एवढं पाहिलं आणि "चालेल" म्हणाले. ज्या कामाचा मी पगार खाते, तेच मी केलं नव्हतं. माझ्या "चालेल"वर इन्स्पेक्टर झालेल्या नटाने ती उचलून चुलीत टाकली, आणि आग सुंदर लागलीय म्हणून तात्काळने शेवटचं पान काळं पडेपर्यंत कॅमेरा चालू ठेवला. मला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं.

"काय सापडलं गं?" मागून माईंचा आवाज आला.

४

खोटं बोलायला जीभ वळेना. मी तळहातावरच्या दोन पिना दाखवल्या, फोटो दाखवला, सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"दुसऱ्या वेळेला मीच म्हणाले ना तुला," त्या म्हणाल्या, "हुबेहूब झालीय वही, म्हणून."

म्हणाल्या होत्या. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून बापाची वही जळताना पाहत होत्या आणि वर पेटीदादाचं कौतुक करत होत्या.

त्या चुलीपाशी खाली बसल्या आणि राखेत हात घातला. दोन्ही हातांनी राख चाचपत राहिल्या, जणू एखादं पान आत जिवंत असेल. मी त्यांना धरलं तर मला ढकलून दिलं. "आईने पंचवीस वर्षं उशाशी ठेवली," त्या म्हणत होत्या. "आग लागली तर आधी वही बाहेर काढायची, मग मला, असं सांगायची. आणि मी दिली. सिनेमात दिसेल म्हणून हौसेने दिली." मग रडू फुटलं, ते थांबेचना.

मला रडता येत नव्हतं. मला राग आला होता, आणि राग आला की माझं डोकं चालतं. वही आपण होऊन टेबलावर चालत गेली नव्हती. सकाळच्या फोटोनंतर माईंनी ती फडक्यात बांधली, तेव्हा दोरा मी डोळ्यांनी पाहिला होता. अदलाबदल त्यानंतरची.

"माई, इकडे बघा. पहिल्या टेकला टेबलावर पिनांची वही आहे, हा फोटो. दुसऱ्या टेकला टाक्यांची, हा दुसरा. मधल्या दहा मिनिटांत काय केलंत?"

"काही नाही गं. बसले होते."

"काहीच नाही? सगळं सांगा, क्षुल्लक असलं तरी."

"रक्तदाबाची गोळी घेतली. एवढंच."

"पाणी?"

"घेतलं की. कोपऱ्यातल्या टाकीवर जाऊन."

"ग्लास कुठल्या हातात होता?"

"उजव्या."

"गोळ्यांचं पाकीट?"

"डाव्या."

"मग वही?"

माईंचे राखेने माखलेले दोन्ही हात हवेत तसेच राहिले.

"साहेबांकडे दिली होती धरायला," त्या म्हणाल्या. "पण ते काय चोर आहेत का?"

५

त्यांना घेऊन मी ड्रेसच्या खोलीत गेले, कारण तिथे कुणी नव्हतं. मास्तर तेवढे कोपऱ्यात मशीनवर न्यायाधीशाचा कोट शिवत होते. हात धुवायला पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि पुन्हा मशीनला लागले.

साहेबांना संधी होती, हे कळलं. पेटीदादाने दुसऱ्या टेकसाठीची नकली वही काढून टेबलावर ठेवली होती, साहेबांची खुर्ची त्या टेबलाला लागून. माई पाणी पिऊन येईपर्यंत फडकं सोडून बांधायला कितीसा वेळ लागतो? पण का? चोराने वही विकली असती, लपवली असती. जाळतो तो, ज्याला आत लिहिलेल्याची भीती असते. आणि आज सकाळी फोटोच्या वेळी ती वही साहेबांनी जन्मात पहिल्यांदा उघडून वाचली होती.

"माई, त्या तारखेच्या पानावर नेमकं काय होतं?"

"पाठ आहे मला. आई रोज म्हणायला लावायची." त्यांनी डोळे मिटले आणि शाळेतल्या मुलीसारख्या एका सुरात म्हणू लागल्या. "लग्नाचा कोट. सायंकाळी साडेसहा. लांबी एकोणतीस. छाती छत्तीस. कंबर तीस. खांदा साडेसतरा. बाही उजवी चोवीस, डावी साडेबावीस."

मशीन थांबलं.

"बाहीचं पुन्हा म्हणा," मास्तर म्हणाले.

"उजवी चोवीस, डावी साडेबावीस."

मास्तर उठले. भिंतीवर खिळ्याला अडकवलेली आपली मापाची वही काढली, कालचं पान उघडलं आणि आमच्यापुढे धरलं. छाती बेचाळीस, कंबर त्रेचाळीस. तिथे काहीच जुळत नव्हतं. त्याखाली खांदा, साडेसतरा. बाही उजवी चोवीस. डावी साडेबावीस.

"पोट वाढतं बाई," मास्तर हळूच म्हणाले. "हाड नाही वाढत."

एकदम सगळं लख्ख दिसलं. गल्लीत परका शिरला नाही, असं कोण छातीठोक लिहून देईल? ज्याला तो परका कोण होता ते ठाऊक आहे, तोच. पहाऱ्यावर ठेवलेला साध्या वेशातला माणूस पहारा सोडून लग्नाच्या कोटाचं माप द्यायला गेला होता. गिऱ्हाईक आणि पहारेकरी एकच होते.

माई उठून चालू लागल्या होत्या. मी धावत त्यांच्या मागे गेले.

६

साहेब दाराशी पेटीदादाची पिशवी उपसत होते. माई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. बोलले मी; पिना, फोटो, गोळी, दोन्ही मापं, सगळं एका दमात. सेटवरचे लोक गोळा झाले.

"योगायोग आहे," साहेब म्हणाले. आवाज पोलिसाचाच होता. "आणि वही नाही म्हटल्यावर माप कशाशी जुळवणार? लेकीच्या पाठांतराशी?"

"त्या पानाची झेरॉक्स समितीकडे आहे," माई म्हणाल्या. "वर्ष झालं, शिक्का मारून घेतलाय त्यांनी. मला म्हणतात, झेरॉक्स काय, कुणीही करील. शाईचं वय तपासायचं, मूळ वही आणा. ती तुम्ही जाळलीत. पण तुमचा हात वर्षापूर्वी मला कुठे ठाऊक होता साहेब? आता तुमचा हातच उरलाय."

साहेबांनी पिशवी खाली ठेवली. डावी बाही त्यांनी उगाच खाली ओढली.

"तुमचे वडील गोड बोलायचे," ते म्हणाले. "लग्न ठरलं होतं माझं. दुकान तीस पावलांवर. वाटलं, पाच मिनिटांत येऊ. ते कापडाबद्दल सांगत बसले आणि तास कसा गेला कळलं नाही. सकाळी बाईंचं समजलं. नोकरीला दोन महिने झाले होते हो. लिहिलं, कुणी आलं नाही. म्हटलं, खरा खुनी आठ दिवसांत सापडेल, मग कुणाला काय फरक पडतो? तुमच्या वडिलांना धरलं तेव्हा मी बदली मागून घेतली. त्यांनी मला पाहिलं असतं तर ओळखलं असतं."

"सहा वर्षं होते ते तुरुंगात," माई म्हणाल्या. "सहा वर्षं तुम्ही कुठे होतात?"

खरा खुनी कोण, हे आता कुणाला कळणार नव्हतं; जो सापडू शकला असता तो 'कुणी आलं नाही' या एका ओळीच्या आड कधीच निसटून गेला होता.

"सोमवारी येतो मी," साहेब म्हणाले. "अकरा वाजता. शब्द देतो."

"आत्ता लिहून द्या."

"विश्वास नाही?"

"तुम्ही पहाऱ्यावरून उठून गेला होतात."

मी माझ्या टिपणांच्या वहीतला कोरा कागद फाडून दिला. साहेब टेबलाशी बसले आणि लिहू लागले. पानभर लिहिलं. कर्तव्यात कसूर झाली, मी अपराधी आहे, मनाला रोज खातं, होईल ती शिक्षा भोगायला तयार आहे. खाली सही केली, तारीख घातली आणि डोळे पुसून कागद पुढे सरकवला. माईंनी उभ्या उभ्या वाचला.

"हे सगळं तुमचं झालं," त्या म्हणाल्या. "तुमचं मला काय करायचंय? यात बाबा कुठे आहेत? खून झाला तेव्हा बाबा कुठे होते, ते लिहा."

साहेबांनी मान वर केली. मी दुसरा कागद दिला. या वेळी चारच ओळी झाल्या, पण त्यांना पहिल्या पानापेक्षा जास्त वेळ लागला.

"वाचा," माई म्हणाल्या.

"त्या दिवशी साडेसहा ते साडेसात," साहेब पुटपुटले, "शिंपी आपल्या दुकानात होता. माझ्या समोर होता. तो माझं माप घेत होता. तो कुठेही गेला नाही."

"मोठ्याने. बाबांना ओरडून सांगावं लागलं होतं."

पेटीदादा, मास्तर, तात्काळ, सगळे जवळ सरकले. साहेबांनी कागद दोन्ही हातांत धरला आणि पहिल्यापासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.